चार टक्के नेमके कुठे असतात?

वाचकाचं पत्र : जय भीम. वाळूज एमआयडीसीत माझं स्टील फर्निचरचं छोटं युनिट आहे. मालकी माझ्या एकट्याची, १४ कामगार, गेल्या वर्षीची उलाढाल १ कोटी ८० लाख. उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी केलेली आहे आणि त्यात अनुसूचित जाती असं नोंदवलेलं आहे. केंद्र सरकारच्या खरेदीत आपल्या उद्योगांना ४ टक्के राखीव असतात असं एका मेळाव्यात ऐकलं आणि जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर, तीन बोली लावल्या. पहिलीत २४० कपाटं होती. एल-१ चा, म्हणजे सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याचा दर ८,५०० निघाला, माझा ९,१८०. मी १५ टक्क्यांच्या आत होतो, तरी मला कुणी विचारलंच नाही. दुसरी लॉकरची होती. तेव्हा माझ्याकडे लॉकरची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) नव्हती, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या ब्रँडचे लॉकर लावले. 'बयाणा रक्कम (बोलीसोबतची अनामत) भरलेली नाही, सवलतीस अपात्र' असं लिहून छाननीतच बाद केलं. तिसरीत तीन वर्षांचा सरकारी पुरवठ्याचा अनुभव मागितला होता, तो माझ्याकडे नाही. आता एक मोठा पुरवठादार म्हणतो, नाव आणि दाखला तुमचा, माल आमचा, तुम्हाला घरबसल्या ३ टक्के. शेजारच्या गाळ्यातला माझा मुस्लिम मित्रही विचारतोय की अल्पसंख्याकांना असा काही वाटा आहे का. हे सगळं खरंच आमच्यासाठी आहे की नुसतं कागदावर?

उत्तर : जय भीम.

तुमच्या तिन्ही बोली वेगवेगळ्या कारणांनी गेल्या, आणि तिन्ही कारणं दुरुस्त होण्यासारखी आहेत. पण आधी त्या ४ टक्क्यांबद्दल, कारण मेळाव्यांतून हा आकडा अर्धाच सांगितला जातो.

सूक्ष्म व लघु उपक्रमांसाठीचा (पुढे दोघांनाही लघुउद्योगच म्हणू) केंद्राचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश मार्च २०१२ मध्ये निघाला आणि १ एप्रिल २०१५ पासून बंधनकारक झाला. सुरुवातीला वाटा २० टक्के होता, नोव्हेंबर २०१८ च्या दुरुस्तीनंतर तो २५ टक्के झाला. या २५ च्या पोटातच अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांचे ४ आणि महिलांच्या मालकीच्या उद्योगांचे ३ टक्के आहेत. हे टक्के मोजले जातात ते मंत्रालयाच्या, विभागाच्या किंवा केंद्रीय उपक्रमाच्या (केंद्राच्या सरकारी कंपनीच्या) अख्ख्या वर्षाच्या खरेदीवर. एखाद्या उपक्रमानं वर्षभरात १०० कोटींचा माल आणि सेवा घेतल्या, तर त्यातले ४ कोटी अशा उद्योगांकडून घेतलेले दिसले पाहिजेत. ते कपाटांत दिसतील, हातमोज्यांत दिसतील की वाहनसेवेत, हे त्या उपक्रमाच्या हातात. त्यामुळे 'या निविदेतले माझे ४ टक्के द्या' असं कुणाला म्हणता येत नाही.

आणखी एक कलम आहे, ते आम्हाला मनापासून खटकतं. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग निविदेत उतरलेच नाहीत, किंवा उतरले पण अटी आणि एल-१ च्या दरापर्यंत पोचले नाहीत, तर तो ४ टक्क्यांचा वाटा इतर लघुउद्योगांकडून भरून काढायला परवानगी आहे. म्हणजे तुम्ही घरी बसलात की जागा कायदेशीरपणे दुसऱ्याची होते. तीन बोली हरल्यावर आता नको असं वाटणं साहजिक आहे, पण या कलमामुळे ते वाटणं सगळ्यात महाग पडतं.

आता पहिली बोली. १५ टक्क्यांचा नियम असा आहे : एल-१ हा लघुउद्योग नसेल, आणि तुमचा दर त्याच्यापेक्षा जास्तीत जास्त १५ टक्क्यांनी वर असेल, तर एल-१ च्या दराला यायची तयारी असल्यास मागणीच्या २५ टक्क्यांपर्यंत पुरवठा तुम्हाला मिळू शकतो. तुमच्या आकड्यांत ८,५०० ची १५ टक्क्यांची वरची मर्यादा ९,७७५ होते. तुम्ही ९,१८० वर, म्हणजे ८ टक्क्यांवर होतात. दरात बसलात, पण एल-१ स्वतःच लघुउद्योग असेल तर हा नियम लागूच होत नाही. आणि कपाटांच्या बोलीत तो लघुउद्योग असणार हे जवळपास ठरलेलं होतं, कारण ज्या ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उपक्रमांकडूनच घ्यायच्या, त्या यादीत स्टीलचं कपाट आहे. स्टीलच्या खुर्च्या, डेस्क, रॅक, ट्रंकाही त्याच यादीत आहेत. अशा बोलीत सगळेच भिडू लघुउद्योग असतात, त्यामुळे पसंती कुणाची कुणावर लावायची हा प्रश्नच उरत नाही. तिथे दर हाच दर.

म्हणून तुमचा माल दोन गटांत वाटून घ्या. यादीतला माल वेगळा, यादीबाहेरचा वेगळा. दोन्हीकडे लढायची रीत निराळी आहे.

यादीतल्या मालाला मोठे कारखाने आड येत नाहीत, पण लुधियानापासून राजकोटपर्यंतचे तुमच्यासारखेच लोक समोर असतात. तिथे हिशेब बारीक करावा लागतो. जेमवरचा दर जीएसटी आणि पोच धरून असतो. फर्निचरवर १८ टक्के जीएसटी धरला तर ८,५०० मधून हातात ७,२०३ येतात आणि तुमच्या ९,१८० मधून ७,७८०. म्हणजे खरा फरक कपाटामागे सुमारे ५७६ रुपयांचा. हा फरक नफा कापून भरायचा नाही, तो कुठून आला ते शोधायचं. कपाटाला ५० किलो पत्रा लागत असेल तर पत्र्याच्या खरेदीत किलोमागे एक रुपया म्हणजे कपाटामागे ५० रुपये. कटिंगमध्ये १० टक्के तुकडा पडत असेल आणि तो ६ वर आणला तर दोन किलो पत्रा वाचतो. पावडर कोटिंग बाहेरून करून घेत असाल तर जाण्यायेण्याचं भाडं आणि ओरखड्यांची दुरुस्ती धरलीत का ते पाहा. आणि सगळ्यात मोठं : वाहतूक. जोडलेलं कपाट गाडीत चढवणं म्हणजे हवा वाहून नेणं. निविदेच्या तपशिलात सुटे भाग पाठवून जागेवर जोडणी चालते का, हे वाचल्याशिवाय भाडं धरू नका.

त्याचबरोबर बोलीच्या कागदात माल कुठे कुठे पोचवायचा याची यादी असते, ती बरेच जण शेवटी उघडतात. २४० कपाटं एका डेपोत टाकायची की १२ ठिकाणी २०-२० अशी, यावर संपूर्ण हिशेब फिरतो. प्रत्येक ठिकाणचा माल स्वीकारणारा अधिकारी वेगळा असतो आणि स्वीकृतीचा दाखलाही वेगळा, म्हणजे पैसेही तुकड्यातुकड्यानं येतात.

यादीबाहेरच्या मालाची गोष्ट वेगळी. समजा उद्या तुम्ही यादीत नसलेली एखादी वस्तू करायला घेतलीत. तिथे एल-१ मोठी कंपनी किंवा मध्यम उद्योग असू शकतो, आणि १५ टक्क्यांचा नियम जिवंत होतो. २४० नगांची मागणी असेल तर तुमच्या वाट्याला ६० नग येऊ शकतात, तेही एल-१ च्या दरानं. मागणीचे भाग पाडता येत नसतील तर संपूर्ण ऑर्डरही लघुउद्योगाला देता येते. १५ टक्क्यांच्या पट्ट्यात तुमच्यासारखे तिघे असतील तर धोरणाप्रमाणे वाटा विभागला जातो. काही केंद्रीय उपक्रमांच्या निविदांत या २५ टक्क्यांतला ठरावीक भाग अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी वेगळा काढल्याचं कलम असतं. ते कलम असलेली निविदा हाती लागली तर तिच्यासाठी वेळ काढाच.

मात्र एक आकडा बोली लावण्याआधीच वहीत लिहून ठेवा : कोणत्या दराखाली मी नाही म्हणेन. एल-१ शी जुळवण्याचा प्रस्ताव पोर्टलवर येतो तेव्हा उत्तराला मुदत थोडी असते, आणि त्या घाईत 'पहिली सरकारी ऑर्डर आहे, घेऊन टाकू' असं होतं. नाही म्हटलं तर संधी पुढच्या पात्र उद्योगाकडे जाते, इतकंच. हो म्हणून माल दिला नाही, तर मात्र ते तुमच्या नोंदीवर राहतं.

दुसऱ्या बोलीतली चूक सगळ्यात जास्त लोक करतात. धोरणाचा लाभ फक्त स्वतः बनवणाऱ्याला किंवा स्वतः सेवा देणाऱ्याला आहे. व्यापारी, वितरक, एजंट यांना तो नाही. बांधकामाच्या ठेक्यांनाही तो लागू नाही. दुसऱ्याच्या ब्रँडचे लॉकर लावलेत त्या क्षणी जेमच्या दृष्टीनं तुम्ही त्या मालाचे रीसेलर झालात. तुमचं उद्यम प्रमाणपत्र खरं, दाखला खरा, पण त्या मालापुरते तुम्ही निर्माते नव्हतात. म्हणून बयाणा रकमेची सूटही गेली आणि रक्कम न भरल्यामुळे बोलीही गेली.

किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, पण ती केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. खरेदीत तिचा उपयोग नाही. तुमचं प्रमाणपत्र काढा आणि धंद्याचा प्रकार सांगणारा पाच अंकी एनआयसी कोड बघा. ४५, ४६ किंवा ४७ नं सुरू होणारे कोड व्यापाराचे. धातूच्या फर्निचरच्या उत्पादनाचा कोड ३१ नं सुरू होतो. नोंदणी करून देणाऱ्यानं घाईत व्यापाराचाच कोड टाकलेला असतो, असं फार वेळा निघतं. दुरुस्ती सरकारी उद्यम पोर्टलवर आधारच्या ओटीपीनं स्वतः करता येते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत.

वर्गवारीचं भय बाळगू नका. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंतचा लघु. तुम्ही आरामात सूक्ष्म आहात. मध्यम उद्योगाला खरेदी धोरणाचा लाभ नाही, पण तिथे पोचायला तुम्हाला अजून बराच पल्ला आहे.

जेमवर मात्र प्रत्येक मालासाठी तुम्ही निर्माते म्हणून दिसायला हवेत. काही वर्गांत त्यासाठी कारखान्याची तपासणी होते. तपासणीला येणारा माणूस कागदांपेक्षा यंत्रं आणि चालू काम बघतो. शिअरिंग, प्रेस ब्रेक, वेल्डिंग, कोटिंग यांतलं स्वतःकडे काय आणि बाहेर काय, ते खरं सांगा आणि बाहेरच्या कामाचे जॉबवर्कचे चलन दाखवा. वीज बिल, पत्र्याच्या खरेदीची बिलं, यंत्रांची यादी, मोजमापाची साधनं (पत्र्याची जाडी आणि कोटिंगचे मायक्रॉन मोजणारी) हाताशी ठेवा. जाडी मोजायचं साधन नसलेला फर्निचरवाला तिथे अडतो, आणि पुढे माल पोचल्यावर तपासणीतही अडतो. २२ गेज म्हणून घेतलेला पत्रा कमी भरला की पूर्ण गाडी परत येते.

लॉकरची डाय घ्यायची असेल तर राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबकडे जा. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेलं हे काम राष्ट्रीय लघुउद्योग निगम, म्हणजे एनएसआयसी बघतं. अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांना यंत्रसामग्रीवर २५ टक्के भांडवली अनुदान, जास्तीत जास्त २५ लाख, अशी तिथली योजना आहे. १६ लाखांच्या यंत्रावर ते ४ लाख होतात. यंत्र घेण्याआधी आणि बँकेचं कर्ज मंजूर करून घेतानाच विचारा, बिल फाडल्यावर नाही. बँक गॅरंटीचं कमिशन आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचं शुल्क यांचा काही भाग परत मिळवून देणाऱ्या योजनाही तिथेच आहेत. एनएसआयसीच्या सिंगल पॉइंट नोंदणीचाही विचार करा. उद्यम असताना ती सक्तीची नाही, पण तिच्यात तुमच्या कारखान्याची प्रत्यक्ष पाहणी होऊन कोणता माल किती रकमेपर्यंत देऊ शकता हे लिहून मिळतं. नव्या पुरवठादाराबद्दल साशंक असलेल्या अधिकाऱ्यापुढे ते कामी येतं.

आता दाखला. उद्यममध्ये सामाजिक वर्ग तुम्ही स्वतः जाहीर केलेला असतो, खरेदीदार मात्र जात प्रमाणपत्र मागतो. महाराष्ट्रात इथेच गाडी रुतते. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला, त्यामुळे अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही हा दर्जा आहे. पण आपल्याकडे अनेकांच्या जुन्या राज्य नमुन्यातल्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' असतं. केंद्राच्या यादीत जातीची नावं आहेत, म्हणून दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचं नाव असायला हवं. तुमचा दाखला तसा नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडून केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढून घ्या. आधार, पॅन, उद्यम आणि दाखला या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच हवं. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षर, एवढ्यावरूनही खुलासा मागितला जातो, आणि खुलाशाची मुदत मोजक्या तासांची असते. बोली उघडल्यानंतर पोर्टल रोज सकाळ-संध्याकाळ बघायचं हे कामगारांपैकी एखाद्याला नेमून द्या.

तुम्ही एकटे मालक आहात म्हणून मालकीचा प्रश्न सोपा आहे. पुढे भागीदारी केलीत तर अनुसूचित जाती-जमातींच्या भागीदारांचा हिस्सा किमान ५१ टक्के असला पाहिजे, प्रायव्हेट लिमिटेड केलीत तर प्रवर्तकांचे शेअर किमान ५१ टक्के. ५०-५० केलंत की दर्जा गेला. भांडवल घेऊन येणारा मित्र बरोबरीचा हिस्सा मागतो, तेव्हा हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या बोलीतला अनुभवाचा प्रश्न. लघुउद्योगांना पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटीत सूट देता येते, अट एकच की दर्जा आणि तांत्रिक तपशील पूर्ण झाले पाहिजेत. ही तरतूद केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही आहे. पण 'देता येते' आणि 'द्यावीच लागते' यांत फरक आहे. जेमच्या बोलीच्या कागदावर अनुभव व उलाढालीतल्या सवलतीपुढे हो किंवा नाही लिहिलेलं असतं. तुमची पहिली दोन-तीन वर्षं 'हो' असलेल्याच बोली निवडा. 'नाही' असेल आणि माल साधा असेल, तर मुदत संपण्याआधी खरेदीदाराला लेखी विचारा : कपाटासारख्या प्रचलित मालाला, तेही राखीव यादीतल्या, सवलत का नाकारली? निकाल लागल्यानंतरच्या तक्रारीपेक्षा आधीच्या एका सभ्य पत्राला जास्त वजन असतं, आणि दुरुस्ती निघाल्याचीही उदाहरणं आहेत.

बयाणा रक्कम माफ आहे म्हणजे पैसेच लागत नाहीत असं नाही. ऑर्डर मिळाली की कामाच्या हमीची ठेव किंवा बँक गॅरंटी द्यावी लागते, आणि ती लघुउद्योगालाही माफ नाही. निविदेत तिचे टक्के दिलेले असतात. बँकेत गॅरंटीची मर्यादा आधी मंजूर करून ठेवली नाही तर ऑर्डर हातात असताना एफडी मोडायची पाळी येते. पत्र्यासाठी उधारी हवी असेल तर एनएसआयसीची कच्च्या मालाच्या सहाय्याची योजना आहे, पण तिलाही बँक गॅरंटीच लागते. दोन्ही गॅरंट्या एकाच वेळी निघतील का, हे शाखेत आजच विचारा. उशिराचा दंड जेमवर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त १० टक्के, असा मोजतात. गणपती किंवा दिवाळीच्या आसपास कारागीर गावी जातात, तेव्हा पोच द्यायची मुदत येईल अशी बोली घेताना दोनदा विचार करा.

आता तो ३ टक्क्यांचा प्रस्ताव. यात पडू नका.

२० लाखांच्या ऑर्डरवर तुम्हाला ६० हजार मिळतील. पण बीजक तुमच्या जीएसटीवर, उलाढाल तुमच्या पॅनवर, वॉरंटी तुमच्या नावावर, आणि माल त्यांचा वेळेत आला नाही तर १० टक्के म्हणजे २ लाखांचा दंडही तुमचाच. शिवाय स्वतः न बनवलेला माल स्वतःचा म्हणून दाखवणं ही खरेदीच्या सचोटी संहितेत बसणारी गोष्ट नाही. वित्तीय नियमांखाली त्यासाठी दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकता येतं. एकल मालकीत तुम्ही आणि धंदा एकच असता, त्यामुळे बंदी उठेपर्यंत दुसरं दार राहत नाही. आणि त्या ४ टक्क्यांसाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या लोकांचा तो वाटा अशा रीतीनं पुन्हा मोठ्यांच्याच गोदामात जातो, हेही आम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्याच पुरवठादाराला उलटा प्रस्ताव द्या. मोठ्या उद्योगांनी लघुउद्योगांना दिलेलं उपठेक्याचं कामही या धोरणाच्या लक्ष्यात मोजता येतं. 'तुमच्या ऑर्डरमधली दारं, शेल्फ किंवा लॉकरचे सांगाडे आम्ही करतो, आमच्या बिलावर' असं सांगा. त्याला आकडा मिळेल, तुम्हाला काम आणि अनुभवाचा कागद. तयार नसेल तर त्याला तुमचा फक्त दाखला हवा होता, हे स्पष्ट होईल.

मित्राला आमचं उत्तर द्या. केंद्राच्या खरेदी धोरणात धार्मिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा वाटा नाही, इतर मागासवर्गासाठीही नाही. सर्वसाधारण २५ टक्के, ३५८ वस्तूंची यादी, १५ टक्क्यांचा नियम, बयाणा रकमेची सूट हे सगळं मात्र त्यालाही तितकंच लागू आहे, फक्त तो स्वतः निर्माता हवा. अनुसूचित जातींच्या आदेशात मुस्लिम येत नाहीत. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही, म्हणून जळगाव-यावलकडचे मुस्लिम तडवी भिल्ल त्या ४ टक्क्यांत येतात. घरातली स्त्री खरोखर धंदा चालवत असेल आणि तिची मालकी किमान ५१ टक्के असेल तर ३ टक्क्यांचा वाटा आहे. 'खरोखर' या शब्दावर जोर आहे. सह्या तिच्या आणि निर्णय सगळे दुसऱ्याचे, अशी मालकी चौकशीत टिकत नाही. अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे, पण ते कर्जासाठी. ऑर्डरशी त्याचा संबंध नाही.

जिल्हा परिषद, महापालिका, राज्याची खाती यांच्या निविदेत केंद्राचा हा आदेश दाखवू नका. राज्याची खरेदीची नियमपुस्तिका वेगळी आहे, उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानं आलेली, आणि लघुउद्योगांच्या सवलती तिथे तिच्यानुसार बघायच्या. केंद्राचा आदेश चालतो तो रेल्वे, संरक्षण, तेल कंपन्या, बंदरं, कोळसा कंपन्या इथे. म्हणजे तुमच्यासाठी मध्य रेल्वे, मुंबईतल्या तेल कंपन्या आणि माझगाव डॉक, नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स, खडकी-देहूरोड-वरणगाव-भुसावळचे आयुध कारखाने, आणि खाली गोवा शिपयार्ड. यातल्या प्रत्येकाला लघुउद्योगांकडून करायच्या खरेदीची वार्षिक योजना संकेतस्थळावर टाकावी लागते आणि पुरवठादार मेळावे घ्यावे लागतात. पाचांच्या योजना काढा, तुमचा माल कुठे आहे ते बघा आणि त्या खात्याच्या लघुउद्योगांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा. पुण्यात २००५ मध्ये सुरू झालेल्या दलित इंडियन चेंबरच्या, म्हणजे डिक्कीच्या, बैठकांना गेलात तर ही माणसं तिथेही भेटतात. भेटताना दाखल्याआधी मालाचा नमुना, चाचणी अहवाल आणि महिन्याला किती नग काढू शकता हा आकडा पुढे ठेवा. मार्चपूर्वी ४ टक्क्यांत तूट दिसत असलेल्या अधिकाऱ्याला तुमच्यासारख्या तयार निर्मात्याची गरज असते, पण तुम्ही त्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच माहीत झालेले असायला हवे. मार्चमध्ये ओळख होऊन उपयोग नाही.

शेवटी पैसे. जेमच्या नियमाप्रमाणे माल पोचल्यावर १० दिवसांत स्वीकृती दाखला आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे. उशीर झाला तर लघुउद्योगांच्या एमएसएमईडी कायद्याचं कलम १५ आहे : करारात काहीही लिहिलं असलं तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या वर थांबवता येत नाही. पोच दिल्यापासून १५ दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर माल स्वीकारला असंच धरलं जातं, म्हणून पोचपावतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ड्रायव्हरला निघू देऊ नका. ४५ दिवसांनंतर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार थकीत पैशांसाठीच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर टाकली की ती असे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते, आणि परिषदेच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. पहिल्या ऑर्डरच्या पहिल्या उशिराला लगेच तिकडे जा असं आम्ही म्हणणार नाही. ४६ व्या दिवशी बीजक क्रमांक, पोचेची तारीख आणि कलम १५-१६ चा उल्लेख असलेलं चार ओळींचं पत्र पाठवा. केंद्रीय उपक्रम असेल तर त्याआधीच ट्रेड्सवर, म्हणजे बीजकं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर, बीजक स्वीकारायला सांगा. सगळ्या केंद्रीय उपक्रमांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, आणि बीजक त्यांनी मान्य केलं की बँक काही दिवसांत पैसे देते, थोडी वटावणी (पैसे लवकर देण्यापोटीची रक्कम) कापून. ती वटावणी किती जाते हे आधी शोधा आणि पुढच्या बोलीच्या दरातच धरा.